स्वतः काढलेल्या ऑरॅकल कार्डांचा कॅट छापायचा कसा? डिजिटल, ऑफसेट की परदेशातून मागवायचा

चित्रं तयार असतात, पत्त्यांवरची वाक्यं तयार असतात, ओळखीतल्या वीस-पंचवीस जणांनी ‘मला एक पाहिजे’ म्हणून सांगितलेलं असतं, आणि गाडी अडते ती छापखान्याच्या दारात. गेल्या काही वर्षांत ऑरॅकल कार्डं काढणाऱ्यांत चित्रकार आहेत, समुपदेशक आहेत, योगवर्ग घेणाऱ्या बायका आहेत. बेळगाव असो, पणजी असो की इंदूर, छापखानेवाला पहिला प्रश्न एकच विचारतो: “किती काढायचे?” बाकी सगळं या उत्तरावर ठरतं. आणि नेमकं हेच उत्तर बहुतेकांनी नीट काढलेलं नसतं.

आधी वस्तू कोणती ते पाहू. टॅरोचा कॅट ७८ पत्त्यांचा ठरलेला असतो. आज सगळीकडे दिसणारी त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली आणि ती १९०९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. लेनोरमांचे पत्ते ३६. ऑरॅकलला असा नियम नाही. पत्ते किती, त्यांवर काय, हे करणाऱ्याने ठरवायचं. देवळात कौल लावणं आपल्याकडे कोकण-गोव्यात नवं नाही, त्यामुळे ‘प्रश्न मनात धरून पान उचलायचं’ ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पत्ते चितारण्याची परंपराही लांबची नाही. सावंतवाडीचा गंजिफा हा गोल पत्त्यांचा, हाताने रंगवलेला. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, असे १२० पत्ते होतात. पण तिथे एकेक पत्ता हाताने घडतो. छपाईचा हिशेब पूर्ण वेगळा आहे.

पत्त्यांची संख्या कागदावरून ठरवा

ऑरॅकलला संख्येचं बंधन नाही म्हणून पुष्कळजण ४४, ५०, ५१ असे मनाला येतील तितके पत्ते काढतात. छापखान्यात मात्र कागदाच्या शीटचे पैसे लागतात, पत्त्याचे नाही. टॅरोच्या नेहमीच्या मापाचा, म्हणजे ७० बाय १२० मिलिमीटरचा पत्ता धरू. कापताना पांढरी कड दिसू नये म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर चित्र जास्तीचं लागतं. त्याला ब्लीड म्हणतात. म्हणजे एका पत्त्याला जागा लागते ७६ बाय १२६. डिजिटल मशीनवर १३ बाय १९ इंचांचं शीट चालत असेल तर त्यात असे १२ पत्ते बसतात. मशीन १२ बाय १८ चंच घेत असेल तर, कडेची न छापणारी पट्टी सोडल्यावर, १० च बसतात.

यातून निघतं काय? ४८ पत्त्यांचा कॅट १३ बाय १९ वर बरोबर चार शीटमध्ये उरकतो. ४९ वा पत्ता सुचला की पाचवं शीट आलं, त्यावरच्या अकरा जागा रिकाम्या गेल्या, आणि हे प्रत्येक कॅटमागे. १२ बाय १८ चं मशीन असेल तर मात्र ४८ ला पाच शीट लागतातच. मग ५० पत्ते केले तरी तेवढेच पैसे. म्हणून मशीनचं माप आधी विचारायचं आणि पत्ते मग मोजायचे. बरं, दोन-चार जागा उरल्याच तर त्यावर ‘पत्ते कसे वापरायचे’ हे छापता येतं, किंवा चित्रकाराची माहिती आणि संपर्क.

ऑफसेटचा हिशेब मोठ्या शीटवर चालतो. २५ बाय ३६ इंचांच्या शीटवर याच मापाचे, ब्लीडसकट, आठ आडवे आणि सात उभे असे ५६ पत्ते बसतात. म्हणजे ५४ पत्त्यांचा अख्खा कॅट एका शीटवर. खेळायच्या पत्त्यांचे कारखानेही असाच पूर्ण कॅट एका शीटवर बसवतात.

डिजिटल की ऑफसेट

डिजिटल म्हणजे संगणकावरून थेट मशीनवर. प्लेट नाही, त्यामुळे एक कॅट काढा नाहीतर पन्नास, दर कॅटमागचा खर्च फारसा हलत नाही. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा पुढच्या बाजूला, मागची बाजूही रंगीत असेल तर तिकडे आणखी चार, शिवाय मशीन लावताना वाया जाणारी शीटं आणि पंचिंगची डाय. हा सगळा खर्च पहिला पत्ता निघायच्या आधीच होतो. पुढे मात्र प्रत्येक कॅट स्वस्त पडत जातो.

समजण्यापुरते आकडे घेऊ. खरे दर प्रत्येक गावात आणि प्रत्येक छापखान्यात वेगळे निघतील. धरा की डिजिटलला खोक्यासकट कॅटमागे ४५० रुपये पडतात. ऑफसेटला सुरुवातीचा ठोक खर्च ३० हजार आणि वर कॅटमागे ९० रुपये. ५० कॅट काढायचे तर डिजिटल साडेबावीस हजार, ऑफसेट साडेचौतीस हजार. १०० काढायचे तर डिजिटल ४५ हजार, ऑफसेट ३९ हजार. ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास पारडं फिरतं. ५०० काढले तर ऑफसेटचा कॅट अवघ्या दीडशेला पडतो, आणि इथेच माणूस फसतो.

कारण छापखान्यातून ‘ताई, दीडशेला पडतोय, पाचशेच काढा’ असा सल्ला हमखास मिळतो. त्यात छापखानेवाल्याची लबाडी नसते, त्याचं गणित बरोबरच असतं. पण ७५ हजार घालून पाचशे कॅट घरी आले आणि वर्षभरात साठ विकले गेले, तर विकलेल्या प्रत्येक कॅटमागे १,२५० रुपये अडकले. तेच साठ डिजिटलवर काढले असते तर २७ हजारांत भागलं असतं. उरलेले ४४० कॅट माळ्यावर, पावसाळ्यात. ज्याच्याकडे आगाऊ पैसे भरलेली मागणी शंभराच्या वर नाही, त्याने पहिली खेप डिजिटलवरच काढावी, मग दर कितीही मोहात पाडो. पहिल्या खेपेत शुद्धलेखनाची एखादी चूक निघतेच. ती पंचवीस कॅटांत निघालेली परवडते.

कागद: पिसून पाहिल्याशिवाय हो म्हणू नये

लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं छापणाऱ्याकडे ३०० जीएसएमचा आर्टकार्ड नेहमी असतो. तो चालतो. पण व्हिजिटिंग कार्ड खिशातून काढून द्यायचं असतं, पत्ते पिसायचे असतात. खेळायच्या पत्त्यांचा खरा कागद दोन थरांचा असतो आणि मधे काळा किंवा निळा थर चिकटवलेला असतो. त्यामुळे उजेडात धरला तरी पलीकडचं चित्र दिसत नाही आणि वाकवलेला पत्ता परत सरळ होतो. असा कागद छोट्या गावात सहज मिळत नाही. शिवकाशीसारख्या छपाईच्या मोठ्या ठिकाणी किंवा पत्ते बनवणाऱ्या कारखान्यात विचारावं लागतं, आणि ते लोक सहसा मोठ्या संख्येलाच हात घालतात.

आर्टकार्डच घ्यायचा तर लॅमिनेशनचा प्रश्न येतो. लॅमिनेशन दोन्ही बाजूंना हवं. एकाच बाजूला केलं तर पत्ता पापडासारखा वळतो, आणि गोवा-कोकणच्या दमट हवेत हे आठवड्याभरात दिसतं. चकचकीत लॅमिनेशनचे पत्ते एकमेकांना चिकटतात, वर दिव्याखाली चित्रावर चमक मारतात. मॅट दिसायला छान, बोटांना छान, पण गडद रंगावर नखाचे ओरखडे उमटतात. गडद निळी किंवा काळी पाठ असलेल्या कॅटला मॅट करायचं असेल तर नमुना घेऊन दोन दिवस पिसून पाहावा. काही ठिकाणी लॅमिनेशनऐवजी नुसतं कोटिंग करून मिळतं. ते पातळ असतं, पत्ते सुळसुळीत पिसले जातात, मात्र पाण्याचा थेंब सोसायची ताकद कमी.

कागदाला लाकडासारखा तंतू असतो. सगळे पत्ते तंतूच्या एकाच दिशेने कापलेले नसतील, म्हणजे शीटवर जागा वाचवायला काही आडवे काही उभे बसवले असतील, तर काही पत्ते एका बाजूला वाकतील आणि काही दुसऱ्या. असा कॅट कधीच नीट बसत नाही. ‘सगळे पत्ते एकाच दिशेने लावा’ हे आधीच सांगून ठेवावं.

देवनागरीची खास डोकेदुखी

इंग्रजी कॅट छापणाऱ्यांसाठी माहितीचा ढीग आहे. मराठी कॅट करणाऱ्याला मात्र जी ठेच लागते ती त्यात नसते. घरच्या संगणकावर युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर छापखान्याच्या कोरलड्रॉमध्ये उघडला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे उडी मारते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. अनेक छापखान्यांत अजून श्रीलिपीसारखी जुनी सोय चालते. तिथे युनिकोड मजकूर थेट चिकटवला तर अक्षरांची भेळ होते. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्येही भारतीय लिपींसाठीची मजकूर-रचना मुद्दाम चालू करावी लागते, नाहीतर घरीच अक्षरं तुटतात.

उपाय एकच आणि सोपा: मजकूर पूर्ण तपासून झाला की सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये, कोरलवाल्यांच्या भाषेत कर्व्हमध्ये, बदलून मगच पीडीएफ द्यायची. मग छापखान्यात फॉन्ट असो नसो, काही बिघडत नाही. बदल करता येईल अशी मूळ फाइल मात्र आपल्याकडे वेगळी जपून ठेवायची. कर्व्ह झालेल्या अक्षरात काना घालता येत नाही.

फॉन्ट निवडताना मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ पाहावेत. हिंदीला धरून बनवलेल्या फॉन्टमध्ये ही दोन्ही अक्षरं वेगळ्या वळणाची येतात आणि मराठी डोळ्याला खटकतात. तसंच ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट नावाप्रमाणे मराठी वळणाचा आहे. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ही मोफत मिळतात आणि विक्रीच्या वस्तूवर वापरायला परवाना आड येत नाही. कुठूनतरी उतरवून घेतलेल्या फॉन्टचं तसं नसतं, त्याचा परवाना वाचावा लागतो. कॅट मराठी-कन्नड किंवा मराठी-कोंकणी असा दुभाषी करायचा असेल, सीमाभागात आणि गोव्यात तो विचार येतोच, तर दुसऱ्या भाषेचा मजकूर ती भाषा रोज वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्यावा. तोही कर्व्ह करण्याच्या आधी.

गडद चित्रावर बारीक पांढरी अक्षरं घालणं टाळलेलं बरं. छापताना चार रंग केसाएवढे जरी इकडेतिकडे सरकले तरी शिरोरेषा आणि मात्रा भरून जातात. काळी अक्षरं असतील तर ती फक्त काळ्या शाईची ठेवायची, चार रंग मिसळून केलेला काळा नको.

चित्रं, रंग आणि पाठ

मोबाइलवर झगमगणारा मोरपंखी आणि झळझळीत केशरी कागदावर तसाच येणार नाही; पडदा उजेडाने रंगतो, कागद शाईने. सीएमवायकेत बदलून पाहिलं की धक्का आधीच बसतो. सोनेरी रंग तर चार शाईंतून मिळतच नाही, मातकट पिवळा मिळतो. खरं सोनेरी हवं तर फॉइल किंवा सोनेरी शाई, आणि त्याचा ब्लॉक व खर्च वेगळा.

चित्राचा आकार मोजूनच घ्यावा. ३०० डीपीआयला ७६ बाय १२६ मिलिमीटरसाठी सुमारे ९०० बाय १,४९० पिक्सेल लागतात. एआयने काढलेलं १,०२४ पिक्सेलचं चौकोनी चित्र त्या हिशेबाने जेमतेम ८७ मिलिमीटर होतं, म्हणजे पत्त्याच्या उंचीला पुरत नाही. ताणलं की धूसर येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र तर आणखीच दाबलं जातं. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं.

पाठ सगळ्या पत्त्यांना एकच असते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, पण कापणीचा दोष तिथेच उघडा पडतो. डिजिटल छपाईत पुढची आणि मागची बाजू मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकणं नेहमीचं. पाठीला बारीक चौकट काढली असेल तर ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला गायब दिसते, आणि मग पत्ता पाठीवरूनच ओळखू येतो. कौल घ्यायच्या पत्त्याला हे काही शोभत नाही. कडेपर्यंत भरलेली नक्षी हा त्यावरचा तोडगा. उलटे आलेले पत्तेही वाचायचे असतील तर नक्षी वरून-खालून सारखी हवी.

हक्कांचं थोडक्यात: भारतात चित्रावरचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, पामेला कोलमन स्मिथ १९५१ मध्ये. त्यांची मूळ चित्रं आज इथे मोकळी आहेत. इंटरनेटवर सापडलेलं एखाद्या हयात चित्रकाराचं गणपतीचं चित्र मोकळं नाही.

कापणी, सेट आणि खोका

गोल कोपऱ्यांसाठी ऑफसेटच्या कामात डाय बनते. थोड्या कॅटांना हाताचा कॉर्नर कटर पुरतो. खरी कटकट सेट लावण्याची. ४८ वेगळ्या पत्त्यांचे पन्नास कॅट म्हणजे २,४०० पत्ते, आणि त्यात एक पत्ता कमी निघाला तर तो कॅट ग्राहकाच्या दृष्टीने वाया. प्रत्येक पत्त्यावर कोपऱ्यात बारीक आकडा छापला तर काम सोपं होतं. ३०० जीएसएमचा एक पत्ता अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो, लॅमिनेशनसकट थोडा जास्त, त्यामुळे सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर कॅट ठेवला की कमी-जास्त लगेच कळतं. फक्त एक पत्ता दोनदा आणि दुसरा गायब असेल तर काटा गप्प बसतो. म्हणून आकडे पाहणं सुटत नाही.

खोक्याचं माप कागदावर काढू नये. कॅट प्रत्यक्ष कापून हातात आला की त्याची जाडी मोजावी आणि मगच खोका सांगावा. दुमडायचा पातळ खोका छापखान्यातच होतो. वरखाली झाकणाचा कडक खोका हवा असेल तर मिठाईचे आणि साड्यांचे खोके करणाऱ्यांकडे जावं. कप्पा बोर्डवर कागद चढवण्याचं काम ते रोज करतात आणि थोड्या नगांनाही नाही म्हणत नाहीत. कुंद्याच्या गावात असा कारागीर शोधायला लांब जावं लागू नये. सोबतच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत ठेवली की झालं.

परदेशी छपाई कधी

अमेरिकेतली ‘द गेम क्राफ्टर’ किंवा हाँगकाँगची ‘मेकप्लेइंगकार्ड्स’ यांसारख्या कंपन्या एकसुद्धा कॅट छापून देतात, आणि पत्त्यांचा कागद खरा पत्त्यांचाच असतो. भारतात मागवायचं तर कुरिअर, सीमाशुल्क, आयातीवरचा जीएसटी आणि केवायसीची कागदं असं सगळं मागे लागतं; विक्रीसाठी ते क्वचितच परवडतं. पण कॅट घेणारे मुळात न्यूजर्सी नाहीतर कॅलिफोर्नियातले मराठी लोक असतील तर तिथल्या तिथे छापून त्यांच्या पत्त्यावर पाठवणं इथून टपालाने पाठवण्यापेक्षा सोयीचं पडू शकतं. नमुना म्हणून एकच कॅट मागवून कागद इथल्या छापखान्याला दाखवायचा, हाही एक उपयोग.

राज्याची हद्द ओलांडताना

सीमाभागातल्यांना हे इतरांपेक्षा जास्त लागू. राज्याबाहेर करपात्र माल विकला तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सहसा बंधनकारक होते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे, छापील पत्ते त्यात धरून चालू नये. बेळगावातून कोल्हापूरला कॅट पाठवला की ती आंतरराज्य विक्री झाली, अंतर फक्त शंभर-सव्वाशे किलोमीटर असलं तरी. छापील पुस्तकाला जीएसटी नाही म्हणून ‘पुस्तिकेसोबत पत्ते’ असं बिल करण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी कर सल्लागाराला विचारावं. दुकानात ठेवायच्या बंद खोक्यावर एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. २०११ च्या वजनमापाच्या नियमांत हे येतं. खोका छापून झाल्यावर हे आठवलं तर स्टिकर चिकटवत बसावं लागतं.

खोक्यावर काय लिहू नये हेही पाहावं. ‘आजार बरा होतो’, ‘संतती होते’ असले दावे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतात. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, कर्नाटकात त्याच धर्तीचा २०१७ चा. पत्ते छापण्याला यांची आडकाठी नाही. पत्ते दाखवून रोग्याला डॉक्टरपासून तोडणं हा मात्र वेगळाच मामला. ‘मनन आणि चिंतनासाठी’ एवढं लिहिलं तरी विक्री अडत नाही.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीच्या आधी दिनदर्शिका आणि भेटकार्डं, तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिका, आणि मधे निवडणूक लागली तर मग विचारूच नका. छापखान्यात छोट्या कामाला कुणी हात लावत नाही. पावसाळ्यात मशीन मोकळी असतात, पण कागद ओल धरतो आणि लॅमिनेशन नीट बसायला वेळ लागतो. दिवाळीत विकायचा कॅट असेल तर नमुना जुलैत हातात हवा आणि छपाई सप्टेंबरच्या सुरुवातीला मशीनवर चढलेली हवी.